जीपचे दिवे मंद होतात तेव्हां

एकत्र कुटुंबांत कांहीं बिघडलें कीं जो माणूस डोळ्यांसमोर असेल त्याच्यावर प्रथम ठपका येतो. खरा दोष कोठें आहे याचा शोध मागाहून, आणि तोहि कोणास सवड झाली तरच. जुन्या वाहनाचें असेंच असतें. शिराळा तालुक्यांतील एका वाचकांचें जें पत्र आमच्यापुढें आहे, त्यावरून हें चांगलें ध्यानांत येईल.

या गृहस्थांच्या आजोबांनीं घेतलेली एम. एम. ५४० जातीची डिझेल जीप अद्यापि त्यांच्या घरीं आहे. पावसाळ्यांत शेतावरील वस्तीकडे जावयाचें तर त्या चिखलांत दुसरें वाहन चालत नाहीं, म्हणून ती ठेवलेली. गेल्या श्रावणांत एके रात्रीं घरांतील वृद्ध मातोश्रींस दम लागला आणि त्यांना याच जीपमधून मिरजेस न्यावें लागलें. पाऊस कोसळत होता. पुढचे दिवे, धुक्याचे दिवे व वायपर सर्व एकदम चालूं होते. आष्ट्याच्या अलीकडे दिवे लालसर होत गेले, वायपर रेंगाळूं लागला, आणि पुढचा सारा रस्ता एका दुधाच्या टेंपोच्या मागील दिव्यांच्या आधारानें कापावा लागला. मातोश्री बऱ्या होऊन घरीं आल्या. परंतु त्या रात्रीपासून घरांत दोन पक्ष पडले आहेत. थोरले काका म्हणतात, जीप विकून टाका. धाकटे बंधु म्हणतात, बाजारांत मिळेल तो सर्वांत मोठा आल्टर्नेटर बसवा. दरम्यान आठ महिन्यांत दोन नव्या बॅटऱ्या झाल्या आहेत, आणि दुसरीहि आतां सेल्फ मारतांना कण्हूं लागली आहे. कोणाचें ऐकावें, असा पत्रलेखकांचा प्रश्न आहे.

आमचें उत्तर असें कीं, शोध घेतल्यावांचून कोणाचेंच ऐकूं नये. त्या शोधासाठीं प्रथम यंत्राचा संसार समजून घेतला पाहिजे.

गाडींतील विजेचा व्यवहार घराच्या जमाखर्चासारखाच आहे. आल्टर्नेटर हा मिळवता पुरुष, बॅटरी ही घरांतील शिल्लक, आणि दिवे, वायपर, हॉर्न हे खर्चाचे धनी. एंजिन सुरू करतांना शिल्लक मोडावी लागते. एंजिन चालूं झालें कीं सर्व खर्च मिळकतींतून भागला पाहिजे व मोडलेली शिल्लक पुन्हां भरली पाहिजे. मिळवत्याची मिळकत घटली तर शिल्लक हळूंहळूं सरते आणि एके दिवशीं पेटी रिकामी सांपडते. त्या वेळीं नवी पेटी आणून कांहीं आठवडे निभावतात, इतकेंच. नव्या बॅटरीनें गाडी सुधारली असें वाटणें हा शुद्ध काकतालीय न्याय होय: कावळा बसावयास आणि फळ पडावयास एक गांठ पडली.

हा मिळवता काम कसें करतो? १८३१ मध्यें मायकेल फॅरडे यांनीं दाखवून दिलें कीं, तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलविला असतां तारेंत वीज उत्पन्न होते. कोयनेच्या प्रकल्पांत पाणी सह्याद्रीच्या पोटांतून उतरून पोफळीच्या भूमिगत वीजघरांतील चक्रें फिरवितें, तेथें हेंच तत्त्व आहे. जीपच्या बॉनेटाखालीं पाण्याचें काम एंजिनचा पट्टा करतो. दुसऱ्या महायुद्धांतील विलिस जीप ६ व्होल्टची असे व तिला डायनामो असे. डायनामोंत सर्व वीज फिरत्या भागांतून कार्बनवाटे बाहेर काढावी लागते, आणि एंजिन मंद चालत असतां ती फारच थोडी निघते. आल्टर्नेटरांत याच्या उलट योजना आहे. चुंबक फिरतो, वीज देणाऱ्या तारा स्थिर राहतात. कार्बनवाटे केवळ चुंबकास लागणारा अल्प प्रवाह जातो. ही वीज उलटसुलट दिशेनें वाहणारी असते. ती बॅटरीच्या उपयोगी पडावी म्हणून डायोड नांवाच्या एकदिश झडपा बसवितात. सामान्यतः मुख्य डायोड सहा असतात. सिलिकनचे डायोड स्वस्त झाल्यावर, १९६० नंतरच्या काळांत, मोटारींतून डायनामो मागें पडत गेला. आमच्याकडील फिटर मात्र आल्टर्नेटरासहि पुष्कळदां डायनामोच म्हणतात. त्यानें वाचकांनीं गोंधळूं नये.

आतां परीक्षा. तर्कशास्त्रांतील अन्वय आणि व्यतिरेक येथें जसेच्या तसे लागूं पडतात: कारण असतां कार्य दिसतें काय, आणि कारण दूर करतां कार्य नाहींसें होतें काय, हें दोन्ही पाहावें. याला साहित्य म्हणजे बाजारांत मिळणारा साधा मल्टिमीटर व एक वही. हातांतील अंगठी व बांगड्या उतरून ठेवाव्या. उपरण्याचा शेव किंवा साडीचा पदर पट्ट्याजवळ जाऊं देऊं नये. आणि बॅटरीजवळ विडीकाडी पेटवूं नये, कारण तिच्यांतून निघणारा वायु पेट घेतो.

प्रथम एंजिन बंद असतां पट्टा पाहावा. दोन पुलींच्या मध्यभागीं अंगठ्यानें दाबला असतां तो सुमारें १० ते १२ मिलिमीटर दबावा. त्याहून सैल असला, किंवा त्याच्या कडा आरशासारख्या चकाकत असल्या, तर तो घसरतो आहे असें समजावें. मग किल्ली फिरवून खुणेचा तांबडा दिवा लागतो कीं नाहीं हें पाहावें. पुष्कळ गाड्यांत याच दिव्यांतून जाणारा प्रवाह आल्टर्नेटरास प्रथम जागा करतो. तो एवढासा दिवा उडाला तर धडधाकट आल्टर्नेटरहि झोंपून राहतो.

नंतर आंकडे घ्यावे. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर पूर्ण भरलेल्या बॅटरीचें माप सुमारें १२·६ व्होल्ट येतें. १२·२ आलें तर ती निम्मी रिती आहे. एंजिन मध्यम वेगानें चालवून माप १३·८ ते १४·४ यांच्या दरम्यान आलें पाहिजे. १५ च्या वर गेलें तर कटआउट, म्हणजे रेग्युलेटर, बिघडला असून बॅटरींतील पाणी उकळून उडत आहे असें जाणावें. सर्व दिवे व वायपर लावून पुन्हां मोजावें. तेव्हां आंकडा १३·५ च्या फारसा खालीं येऊं नये. येथें स्थालीपुलाक न्याय चालत नाहीं. एक शीत चांचपून भाताची परीक्षा होते, परंतु एकच तार नीट दिसली म्हणून साऱ्या तारा नीट आहेत असें ठरत नाहीं. म्हणून सर्व भार चालूं ठेवून आल्टर्नेटरचें टोंक व बॅटरीचें धन टोंक यांमधील फरक मोजावा. तो ०·३ व्होल्टपेक्षां अधिक असूं नये. आल्टर्नेटरचें अंग व बॅटरीचें ऋण टोंक यांमधील फरक ०·२ च्या आंत असावा. शेवटीं, किल्ली काढून सर्व बंद केल्यावर बॅटरींतून कांहीं प्रवाह जातो काय, हें अँपिअरच्या मापानें पाहावें. जुन्या जीपमध्यें तो जवळजवळ शून्य पाहिजे.

एक गोष्ट मात्र कधींहि करूं नये. आल्टर्नेटर चालतो कीं नाहीं हें पाहण्यासाठीं चालत्या एंजिनवर बॅटरीची तार काढण्याची पद्धत कित्येक ठिकाणीं अजून आहे. डायनामोच्या काळीं ती खपून जात असे. आल्टर्नेटरांत त्यामुळें व्होल्टेज एकाएकीं उसळून डायोड जळतात.

याप्रमाणें आम्हीं कळविल्यावर पत्रलेखकांचें दुसरें पत्र आलें. घरांतील धाकट्या सूनबाई विज्ञानाच्या पदवीधर आहेत. मल्टिमीटर त्यांनीं धरला, दिरांनीं एंजिन चालविलें, आणि विकून टाका म्हणणाऱ्या थोरल्या काकांनीं आंकडे वहींत उतरून घेतले. सर्व भार लावल्यावर आल्टर्नेटरपाशीं १३·६ व्होल्ट होते, परंतु बॅटरीपाशीं केवळ १२·५. म्हणजे १·१ व्होल्ट वाटेंतच हरवत होते. त्यांपैकीं ०·४ जुन्या बारीक तारेंत आणि ०·७ एंजिन व सांगाडा यांस जोडणाऱ्या गंजलेल्या अर्थिंगच्या पट्टींत. व्होल्टेज दहा टक्क्यांनीं घटलें तर साध्या तंतूच्या दिव्याचा प्रकाश सुमारें तीस टक्क्यांनीं घटतो. तेव्हां त्या रात्रीं दिवे लालसर कां झाले याचा अर्धा उलगडा येथेंच झाला.

उरलेला अर्धा पुढील दोन गोष्टींत होता. सर्व बंद असतांना बॅटरींतून ०·४ अँपिअर प्रवाह वाहत होता. दिवसाला सुमारें १० अँपिअर-तास. पांच दिवस गाडी उभी राहिली कीं ७० अँपिअर-तासांच्या बॅटरींतील दोन-तृतीयांश शिल्लक कोणी न वापरतां गेली! बॅटरीचें ऋण टोंक आधीं सोडवून आल्टर्नेटरची तार वेगळी केली आणि टोंक पुन्हां जोडलें, गळती थांबली. तार परत लावली. गळती परत आली. अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही जुळले: आल्टर्नेटरांतील डायोड गळका होता. शिवाय, पट्टी घासून साफ केल्यावरहि सर्व भारासह माप १३·२ च्या वर जाईना. म्हणजे मिळकतच खर्चास पुरी पडत नव्हती.

याचा हिशेब वहींतच मांडतां येतो. पुढचे दोन दिवे ११० वॉट, बाजूचे व मागचे मिळून २५, वायपर ५०, मागाहून लावलेले धुक्याचे दोन दिवे ११०. एकूण २९५ वॉट. त्याला १३·५ नीं भागिलें तर सुमारें २२ अँपिअर. बॅटरी भरण्यास आणखी १० धरावे. जुना आल्टर्नेटर ३५ अँपिअरचा खरा, परंतु तो आंकडा भर वेगाचा. चिखलांतून किंवा घाटांतून मंद चालतांना त्याच्या निम्मेंहि कित्येकदां मिळत नाहीं. ज्या वेळीं प्रकाशाची अधिक गरज, त्याच वेळीं मिळकत कमी.

म्हणून नवा आल्टर्नेटर घ्यावा, येथें धाकट्या बंधूंचें म्हणणें खरें ठरलें. परंतु सर्वांत मोठा घ्यावा, हें नव्हे. ६५ अँपिअरचा आल्टर्नेटर पूर्ण भारावर सुमारें ९०० वॉट देतो, आणि त्यासाठीं एंजिनपासून दोन अश्वशक्तींहून कांहीं अधिक घेतो. १२० अँपिअरचा चार अश्वशक्ति मागेल. एवढें ओझें एकच अरुंद पट्टा ओढूं लागला तर तो घसरेल व तापेल. ६५ अँपिअर त्यांच्या गरजेच्या दुप्पट आहेत; तेवढे पुरेत.

बदल करतांना आणखी चार गोष्टी सांभाळाव्या. आल्टर्नेटरपासून बॅटरीपर्यंत १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार नवी टाकावी आणि बॅटरीजवळ ८० अँपिअरचा फ्यूज बसवावा; जुन्या बारीक तारेंतून हा प्रवाह नेणें म्हणजे आगीस आमंत्रण. डॅशबोर्डावर अँपिअरचा जुना कांटा असेल आणि सर्व प्रवाह त्यांतून जात असेल, तर तो त्या वाटेंतून काढून त्याच्या जागीं व्होल्टचा कांटा लावावा. अर्थिंगची पट्टी नवी घालावी. आणि अनेक डिझेल गाड्यांत आल्टर्नेटरच्या पाठीस ब्रेकला साह्य करणारा व्हॅक्यूम पंप जोडलेला असतो. तो नसलेला आल्टर्नेटर स्वस्त मिळाला म्हणून बसवाल तर दिवे लागतील, पण ब्रेक दगड होईल. खरेदीपूर्वीं जुना आल्टर्नेटर दुकानीं नेऊन शेजारीं ठेवून पाहावा.

थोरल्या काकांची बाजूहि पोकळ नाहीं. खाजगी गाडीस १५ वर्षें झाल्यावर नोंदणीचें नूतनीकरण, आणि पुढें दर ५ वर्षांनीं तेंच, हा खर्च व खटाटोप आहेच. जीप ठेवावी कीं विकावी हा त्या घरचा प्रश्न आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, गंजलेल्या पट्टीवर रागावून जीप विकूं नये, आणि विकावयाचीच झाली तर दोष झांकून विकूं नये. घेणाऱ्याच्या घरींहि एखादी म्हातारी माता असेल.

यंत्राकडे अशा डोळस वृत्तीनें पाहणें आमच्या या भागास परकें नाहीं. १९१० मध्यें कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली, आणि तिकडे साताऱ्याकडे धनजीशा कूपर यांच्या कारखान्यांत नांगर व डिझेल एंजिनें होऊं लागलीं, तेव्हां या दोन्ही जिल्ह्यांतील कित्येक घरांतील मुलांनीं पोथीबरोबर पाना हातीं घेतला. खंडेनवमीस आपण वाहनास हळदकुंकू वाहतों, झेंडूची माळ घालतों. त्याच दिवशीं सकाळीं माळ घालण्यापूर्वीं पट्टा दाबून पाहावा, बॅटरीचीं टोंकें घासून साफ करावीं, आणि एंजिन बंद असतांना, चालूं असतांना व सर्व दिवे लावल्यावर असे तीन आंकडे वहींत लिहून ठेवावे. ती वही जीपमध्येंच असूं द्यावी. शिराळ्याच्या वहींतील शेवटचे आंकडे, थोरल्या काकांच्याच अक्षरांत, असे आहेत: १२·६, १४·१, १३·८.