स्क्रूचे माप सांगायला काय हरकत आहे?



दहा मीटर एअर पिस्तूल शिकणाऱ्या माझ्या मुलीच्या पिस्तुलाच्या ट्रिगरमधल्या एका बारीक स्क्रूची खाच झिजली. तो बदलायला महिनोन्‌महिने का लागावेत? ज्या विक्रेत्याकडून पिस्तूल घेतले त्याचे उत्तर, ‘सुटा स्क्रू मिळणार नाही, ट्रिगरचा पूर्ण संच मागवा.’ निदान माप तरी सांगा म्हटले, तर ‘शस्त्राचा भाग आहे’ म्हणून तेही सांगेना. पिस्तुलातून बाहेर काढलेला स्क्रू हे कसले शस्त्र?

स्पर्धेची बहुतेक पिस्तुले जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, इटलीत बनतात. म्हणजे स्क्रू मेट्रिक, बहुधा अ‍ॅलन कीने फिरणारे बिनडोक्याचे ग्रब स्क्रू. एम-3 असेल तर आट्यांतले अंतर 0.5 मिलिमीटर, एम-2.5 असेल तर 0.45. आमच्या कोल्हापुरात, यंत्रांचे भाग बनवणाऱ्या उद्यमनगरात, असला स्क्रू ही दुर्मीळ वस्तू नव्हे.

मग तिथूनच आणा की, असे कोणी म्हणेल. गोम तिथेच आहे. स्प्रिंगवर दाब देणारा स्क्रू बाजारातला चालून जाईल. पण सिअरची, म्हणजे ट्रिगर ओढेपर्यंत पिस्तूल सुटू न देणाऱ्या अडकणीची, पकड ठरवणाऱ्या स्क्रूची लांबी आणि टोकाचा आकार नेमकाच लागतो. पकड अपुरी राहिली तर पिस्तूल नुसत्या धक्क्यानेही सुटू शकते. चुकीच्या आट्यांचा स्क्रू जोर लावून बसवला की मऊ धातूतले आटे जातात आणि मग खरोखरच संच घ्यावा लागतो. शिवाय ट्रिगर किती जोराने सुटतो हेही या स्क्रूंवरच ठरते, आणि स्पर्धेत ट्रिगरला 500 ग्रॅमचे वजन अडकवून उचलतात. त्यात ट्रिगर सुटला तर पिस्तूल नापास. माप लपवून विक्रेता सुरक्षितता राखत नाही, लोकांना अंदाजपंचे स्क्रू बसवायला लावतो.

टोकियो ऑलिम्पिकमध्ये 2021 साली नेमबाज मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला, मोलाची मिनिटे गेली आणि अंतिम फेरी हुकली. तिच्या पाठीशी प्रशिक्षक होते, संघ होता. तालुक्याहून एसटीने सरावाला येणाऱ्या पोरांच्या पाठीशी कोण आहे? स्वप्निल कुसाळे, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत या नेमबाजांच्या जिल्ह्यात हा प्रश्न विचारावा लागतो, हे बरे नव्हे.

विक्रेत्यांनी पिस्तुलाबरोबर प्रत्येक स्क्रूचे माप, लांबी आणि टोकाचा प्रकार लिहिलेला कागद द्यावा. त्यात त्यांचे काही जात नाही. राज्य नेमबाजी संघटनेने मोठ्या रेंजवर नेहमी लागणारे स्क्रू, स्प्रिंगा आणि ओ-रिंगा विकत मिळतील अशी सोय करावी. फुकट कोणी मागत नाही. तोवर पालकांना एवढेच सांगणे, की झिजलेला स्क्रू फेकू नका, व्हर्नियरने मोजून माप वहीत लिहून ठेवा. आणि ट्रिगरला हात लावण्याआधी छर्रा नाही ना हे पाहा, हवेचा सिलिंडर काढून ठेवा.

– एक पालक, कोल्हापूर