खोली कुणाची?

मी कंधारची. एसटीनं कॉलेजला जाते, बी.ए.ला इंग्रजी घेतलंय, म्हणून वस्तीत जरा वट आहे. परवा स्त्री-साहित्याचा तास झाला. सरांनी फळ्यावर लिहिलं : व्हर्जिनिया वूल्फ, १९२९. बाईला लिहायचं तर वर्षाला पाचशे पौंड पाहिजेत आणि स्वतःची खोली पाहिजे. पोरींनी मुकाट उतरून घेतलं. मीही घेतलं. आमच्या घरी पत्र्याची एकच खोली. पाच माणसं, एक शेळी.

वूल्फबाईशी माझं भांडण नाही. केंब्रिजच्या हिरवळीवरून बाईला हाकललं, लायब्ररीच्या दारात अडवलं, हे तिनं लिहिलंय ते मला गाईड न वाचता कळलं. हे ती बोलली १९२८ च्या ऑक्टोबरात. त्याच्या दीड वर्ष आधी, २० मार्च १९२७ ला, महाडात तळ्याचं पाणी पिलो म्हणून आमची डोकी फुटली होती. ते सर सांगत नाहीत. ते म्हणे इतिहासाच्या पेपरात.

आणि पाचशे पौंड आले कुठून? निबंधातल्या बाईला ते आंटीच्या वारशातून मिळतात. (आत्या की मावशी, इंग्रजीला तेवढा फरक कळत नाही.) ही आंटी मेली आपल्या मुंबईत. हवा खायला निघाली आणि घोड्यावरून पडली. त्या घोड्याची लीद कोण काढत होतं? खोली कोण झाडत होतं? गाईडात नाही.

सर म्हणतात, दलित बायकांचं लिखाण अलीकडचं. अलीकडचं? फुल्यांच्या शाळेतल्या मांगाच्या पोरीनं, मुक्ता साळवेनं, १८५५ ला 'ज्ञानोदया'त मांगमहारांच्या दुःखावर निबंध छापला. वूल्फबाई जन्मायला अजून सत्तावीस वर्षं होती!

बेबी कांबळेंचं 'जिणं आमुचं' पुस्तक १९८६ चं. माया पंडितांनी २००८ ला इंग्रजीत नेलं. म्हणजे भाषांतर नाही ही सबबही संपली. तरी आमच्या वर्गात ती नाहीच.

तिला कुठली खोली? फलटणला छोटं दुकान. तिथं बसून, गिऱ्हाईक सांभाळत तिनं लिहिलं आणि वीस वर्षं लपवून ठेवलं. कुणापासून? मनूपासून नाही. घरातल्या पुरुषांपासून.

दोस्तहो, आता टाळ्या थांबवा. सरांना शिव्या दिल्या तोवर तुम्हाला लई गोड वाटलं. ३ जानेवारीला सावित्रीमाईच्या फोटोला हार घालता आणि बैठकीत चहा कुणी करायचा म्हटलं की माझ्याकडं बघता. ठरावाचा कागद तुमच्या हातात, कपबशा माझ्या. मी बोलायला उठले की 'बायकांचे प्रश्न नंतर'. नंतर म्हणजे कधी? वीस वर्षांनी?

१९७८ ला नामांतराच्या आगीत याच जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंना मारलं. १९९४ ला बाबासाहेबांचं नाव विद्यापीठाच्या पाटीवर चढलं. पाटीच्या आत काय शिकवतात, ते बघायला आपल्यातलं कोण गेलं? अभ्यासक्रमावर एक तरी मोर्चा काढला का?

चाचणीत 'स्वतःची खोली' यावर प्रश्न आला. मी मोडक्या इंग्रजीत मुक्ता लिहिली, बेबीताई लिहिली, घोड्याची लीद लिहिली. पंधरापैकी चार. खाली लाल शेरा : अभ्यासक्रमाबाहेर.

पुढच्या चाचणीतही हेच लिहिणार आहे. स्पेलिंगं तेवढी कुणीतरी तपासून द्या.