प्रिंटर झोपला की मुलांची कागदपत्रे गावभर

शिक्षक मित्रांनो, मोबाईलवरून प्रिंट दिली आणि 'प्रिंटर सापडत नाही' असे आले की पुढे काय होते? फाईल व्हॉट्सॲपवरून नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जाते. बोनाफाईड, शिष्यवृत्तीच्या अर्जासोबतचे आधार, आईच्या पासबुकाचे पान, कधी तर उद्याच्या चाचणीची प्रश्नपत्रिकासुद्धा. दुकानदार माणूस चांगलाच असतो हो, पण त्याच्या मोबाईलमध्ये आपल्या वर्गातल्या पोरांचे आधार क्रमांक वर्षानुवर्षे पडून राहतात, त्याचे काय? म्हणून माझे स्पष्ट मत आहे की प्रिंटर जागा ठेवणे ही फक्त 'तंत्रस्नेही' सरांची हौस नाही. ते शाळेतल्या प्रत्येकाला जमले पाहिजे.

आधी हे बघा की तो झोपलाय की बंद झालाय. दोन्ही वेगळे आहे. स्लीपमध्ये प्रिंटर वीज वाचवतो, पण वायफायवर कान उघडा ठेवतो. निदान ठेवायला हवा. ऑटो ऑफमध्ये मात्र तो पूर्ण बंद होतो, मग मोबाईलने कितीही हाका मारा. बटण दाबून त्याला जागे करा, अर्धा मिनिट थांबा आणि पुन्हा प्रिंट द्या. निघाली, तर दोष झोपेच्या सेटिंगमध्ये आहे. सेटिंगमध्ये ऑटो ऑफ बंद करा आणि स्लीपची वेळ वाढवा. स्लीप पूर्ण काढून टाकू नका, विजेचे बिल आपल्याच शाळेला येते. लाईट जाऊन आली असेल तर आणखी एक गोष्ट: बरेच प्रिंटर लाईट आल्यावर आपोआप सुरू होत नाहीत, बटण दाबावेच लागते.

जागा करूनही प्रिंट येत नसेल तर नेटवर्क बघा. आपल्याकडे खरी गोम इथेच असते. कित्येक शाळांत राउटर नाही, कुणातरी सरांच्या मोबाईलचा हॉटस्पॉट असतो. आता गंमत बघा. प्रिंटर झोपतो, जोडणी सुटते. बऱ्याच अँड्रॉईड फोनमध्ये हॉटस्पॉटला कोणी जोडलेले नसेल तर थोड्या वेळाने तो स्वतःच बंद होतो. सर पुन्हा चालू करतात, पण झोपलेल्या प्रिंटरला ते कळतच नाही. आणि सर रजेवर असले तर नेटवर्कही रजेवर! हॉटस्पॉटच्या सेटिंगमधला 'आपोआप बंद' हा पर्याय काढा. त्यापेक्षा चांगले म्हणजे वायफाय डायरेक्ट. त्यात प्रिंटर स्वतःचेच नेटवर्क सोडतो, राउटर लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. फोन 'या नेटवर्कला इंटरनेट नाही' म्हणून कुरकुर करेल, तेव्हा 'तरीही जोडलेले ठेवा' निवडायचे. नाहीतर तो गुपचूप मोबाईल डेटावर जातो आणि आपण प्रिंटरला शिव्या देत बसतो.

राउटर असेल तर फोन आणि प्रिंटर एकाच नेटवर्कवर हवेत. फोन पाहुण्यांच्या वायफायवर असेल तर प्रिंटर बहुधा दिसणार नाही. स्वस्तातले बरेच प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, हेही लक्षात असू द्या. फोन प्रिंटरला शोधतो म्हणजे नेटवर्कवर 'कोण आहे रे?' अशी हाक मारतो. ही हाक काही राउटर पुढे जाऊच देत नाहीत. अशा वेळी प्रिंटरमधून नेटवर्कची माहिती देणारे पान छापा, त्यावरचा आयपी पत्ता मोबाईलच्या ब्राउझरमध्ये टाका. प्रिंटरचे पान उघडले तर तो जागा आहे, फक्त फोनला सापडत नाही. मग प्रिंट सेवेत तोच पत्ता हाताने जोडा आणि राउटरमध्ये तो कायमचा राखून ठेवा, नाहीतर पत्ता बदलला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

कंपनीचे ॲप रुसले तरी अडत नाही. आयफोनमध्ये २०१० पासून एअरप्रिंट आहे. अँड्रॉईडसाठी मोप्रिया आहे. कॅनन, एचपी, सॅमसंग आणि झेरॉक्स या कंपन्यांनी २०१३ मध्ये एकत्र येऊन ती संस्था काढली. गूगल क्लाउड प्रिंट शिकवणारे जुने व्हिडिओ मात्र सोडून द्या, ती सेवा २०२० च्या शेवटी बंद झाली.

आणि प्रिंट येत नाही म्हणून पाच-पाच वेळा बटण दाबू नका. प्रिंटर जागा झाला की एकाच दाखल्याच्या पाच प्रती बाहेर येतात. आधी अडकलेले काम रद्द करा. स्विचबोर्डवरून खटकन बंद-चालू करणे हा तर आपला राष्ट्रीय उपाय! छपाई चालू असताना असे केले तर इंकजेटचे हेड उघडेच राहून वाळू शकते, आणि सुरू होताना काही प्रिंटर हेड साफ करण्यात शाई घालवतात ती वेगळीच. बंद करायचा तर त्याच्या स्वतःच्या बटणाने करा.

हे सगळे एका कागदावर लिहा, वायफायच्या नावासकट (पासवर्ड मात्र मुख्याध्यापकांकडे), आणि प्रिंटरशेजारी भिंतीला चिकटवा. सोमवारी परिपाठाच्या आधी एकदा वर्गातल्या बाईंनाच मोबाईलवरून प्रिंट काढायला सांगा, तंत्रस्नेही सरांनी तेवढा वेळ बाहेर थांबायचे.