सोबतीचा खाडा

केमोच्या वॉर्डात पहिला प्रश्न आजाराबद्दलचा नसतो. "पेशंटबरोबर कोण आहे?" असं विचारतात. कोणी नसेल तर सिस्टर सलाईन लावायला कां-कूं करतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. औषध तासन्‌तास चालतं, मध्येच थंडी भरते, उलटी होते. सही करायला, खालच्या मेडिकलमधून इंजेक्शन आणायला, रिक्षापर्यंत धरून न्यायला माणूस लागतोच. हा माणूस बहुतेक वेळा नवरा किंवा बायको असतो. पुण्याजवळच्या भोसरी-चाकण पट्ट्यात तो कुठल्या तरी शिफ्टवर खाडा करून आलेला असतो.

इथल्या बहुतेक छोट्या-मध्यम कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. केमोचे बरेच कोर्स एकवीस दिवसांच्या चक्रात बसवलेले असतात. एकवीस दिवस म्हणजे बरोबर तीन आठवडे, तेव्हा पहिला डोस गुरुवारी पडला की पुढचेही गुरुवारीच येणार. ज्याला हे उमगलं तो आधी गुरुवार मागून घेतो, बाकीची चौकशी नंतर. पण आजार सुट्टीच्या वारावर फार दिवस चालत नाही. डोसच्या आदल्या दिवशी रक्त तपासायला जावं लागतं. पांढऱ्या पेशींचे काउंट घसरलेले असले तर डोस पुढे ढकलला जातो. डोसनंतर आठवडा-दहा दिवसांनी, शरीर सगळ्यात दुबळं असताना, रात्री ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर सकाळपर्यंत थांबायचं नसतं, तडक दवाखाना गाठायचा असतो. त्या रात्री नवऱ्याची नाईट असेल तर? आणि पुढे शेक सुरू झाला की गुरुवारचा सगळा हिशेबच कोसळतो. रेडिएशन आठवड्यातले पाच दिवस, तीन ते सहा आठवडे. मशिनवर जातात मोजकी मिनिटं, पण चाकणहून पिंपरी किंवा पुणे गाठून परत यायला तळेगाव चौकातल्या कोंडीसकट अर्धा दिवस जातो. खराबवाडीत किंवा महाळुंग्यात खोली करून राहणाऱ्या जोडप्याला हे रोज करायचं असतं.

कारखान्यांच्या कायद्यात दर वीस दिवसांच्या कामामागे एक भरपगारी रजा आहे. वर्षभर इमानाने काम करणाऱ्याच्या खात्यावर बारा-पंधरा दिवस जमतात. ते पहिल्या दोन-तीन डोसांत आणि तपासण्यांत संपतात. पुढचा प्रत्येक दिवस बिनपगारी, आणि खाडा पडला की महिन्याचा हजेरी भत्ताही गेला. ही झाली कायम कामगाराची गोष्ट. ठेकेदाराकडच्या हेल्परला रजेचा अर्ज द्यायलाही जीव धजत नाही. त्याला कोणी काढत नाही, नुसता 'ब्रेक' देतात.

औषधाचे पैसे नाहीत, ही तक्रार आता पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही. ईएसआयच्या, म्हणजे राज्य कामगार विम्याच्या, कार्डावर कामगाराच्या पती-पत्नीलाही उपचार मिळतात. मोहननगरला ईएसआयचं रुग्णालय आहे, आणि तिथे न होणाऱ्या उपचारांसाठी मोठ्या रुग्णालयात पाठवण्याची सोय आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं कवच पाच लाखांपर्यंत गेलं आहे. कागदपत्रांचा छळ आहे, हेलपाटे आहेत, पण औषधाचा खर्च उचलायची जबाबदारी सरकारने तत्त्वतः घेतली आहे. ते औषध घ्यायला नेणाऱ्याचा दिवस मात्र कुठल्याच योजनेच्या हिशेबात नाही.

ईएसआयचा मूळ कायदा १९४८ चा, आणि आजारी कामगारापुरती ही योजना उदार आहे. साध्या आजारात वर्षाला ९१ दिवस ७० टक्के वेतन मिळतं. कर्करोगासारख्या दीर्घ आजारात, अटी पूर्ण होत असतील तर, दोन वर्षांपर्यंत ८० टक्के. सोबतच्याला शून्य. याच योजनेत विमेदार कामगार वारला तर अंत्यविधीच्या खर्चासाठी १५,००० रुपयांपर्यंत देण्याची तरतूद आहे. म्हणजे तिरडी बांधणाऱ्याची नोंद घेणारा कायदा त्याच माणसाशेजारी केमोला बसणाऱ्याची घेत नाही. रेल्वे या बाबतीत अधिक शहाणी निघाली. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला स्लीपर आणि थ्री-टायर एसीत पूर्ण सवलत आहे, आणि सोबत जाणाऱ्यालाही ७५ टक्के. रुग्ण एकटा प्रवास करत नाही, एवढं रेल्वेच्या तिकीट खिडकीला समजलेलं आहे.

फोक्सवॅगन आणि मर्सिडीज २००९ पासून चाकणमध्ये गाड्या बांधताहेत. त्यांच्या मायदेशात, जर्मनीत, घरातल्या जवळच्या माणसाची शुश्रूषा अचानक अंगावर पडली तर कामगाराला वर्षाला दहा दिवसांपर्यंत कामावर न जाण्याचा हक्क आहे, आणि बुडालेल्या पगाराचा मोठा भाग शुश्रूषा विम्यातून भरून मिळतो. पंधराहून अधिक कामगार असलेल्या ठिकाणी, अटींसह, सहा महिन्यांपर्यंत बिनपगारी रजा घेऊन नोकरी राखता येते. तिथली यंत्रं आली, कामाच्या शिस्ती आल्या, दर्जाचे तक्ते आले. ही तरतूद आली नाही, कारण ती कंपनीच्या सामानात नसते, देशाच्या कायद्यात असते.

जोडीदाराला साथ देणं म्हटलं की आपण मनाच्या मोठेपणाबद्दल बोलायला लागतो. उदाहरणंही तशीच डोळ्यांसमोर येतात. मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्यांच्या मागे दोराबजींनी या रोगाच्या संशोधनाला आणि उपचाराला पैसा लावला, आणि त्याच वाटेवर १९४१ मध्ये परळचं टाटा रुग्णालय उभं राहिलं. अलीकडच्या काळात पुण्याने अनिल अवचट आणि डॉ. अनिता अवचट यांचा, अनिताताईंच्या कर्करोगातला संसार पाहिला. त्यांची साथ मोठीच होती, त्याबद्दल वाद नाही. पण दोराबजी उद्योगपती आणि अवचट मुक्त पत्रकार. दोघांनाही कोणाच्या मस्टरवर सही करायची नव्हती.

मन नसलेले नवरेही पुष्कळ असतात, तेही लिहिलं पाहिजे. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कर्करोगासारखे गंभीर आजार असलेले ५१५ रुग्ण पाहिले गेले. बायको आजारी असताना संसार मोडण्याचं प्रमाण २०.८ टक्के निघालं, नवरा आजारी असताना २.९. आपल्याकडे घटस्फोट घेत नाहीत, माहेरी पोचवतात. मराठवाड्यातून, खानदेशातून इथे आलेल्या बिऱ्हाडांत बाईला गाठ निघाली की "आईकडे बरं पडेल" असं ठरतं, आणि ती तालुक्याच्या गावाला जाते. तिथून पुढचा डोस वेळेवर होईलच याची हमी कोणी द्यायची? यात हात झटकणारे किती आणि नोकरीपायी नाइलाज झालेले किती, हे बाहेरून ओळखता येत नाही. सोबतीची रजा असेल तर निदान ते उघडं पडेल. रजा असून जो गेला नाही त्याला शिफ्टची सबब उरणार नाही. आजारी नवऱ्याबरोबर बसण्यासाठी धुण्याभांड्याची कामं सोडणारी बाई तर या कुठल्याच मस्टरवर नाही. तिच्यासाठी वेगळी सोय लागेल, आणि ती ईएसआयमधून होणार नाही.

बाकीच्यांची होऊ शकते. सोबतीच्या दिवसांचं वेतन मालकाने नाही, ईएसआयच्या निधीने द्यावं, तेही ठेकेदाराच्या कामगारासकट. निधी तिथूनच हवा, कारण मालकावर बोजा टाकला की घरात आजारी माणूस असलेल्याला आधी नारळ मिळेल. खोट्या रजा निघतील ही भीती फार ताणू नये. केमो आणि रेडिएशन तारीखवार नोंदलेलं असतं, आजारी कामगाराची रजाही डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवरच मंजूर होते. दरमहा २१,००० रुपयांहून अधिक पगारामुळे ईएसआयबाहेर पडलेल्या कायम कामगारांचं काम युनियनने करायचं. या पट्ट्यात वेतनकरार होतात, किती हजारांची वाढ मिळाली याच्या बातम्या हार-पेढ्यांच्या फोटोसह छापून येतात. त्या करारांत सोबतीच्या रजेचं एक कलम घालायला युनियनला कोणी अडवलेलं नाही.

कायदा बदलेपर्यंत एचआरला दोन गोष्टी उद्यापासून करता येतील. रुग्णालयाची चिठ्ठी आणणाऱ्याचा हजेरी भत्ता कापू नये, आणि रेडिएशन चालू असेपर्यंत त्याला एकच शिफ्ट द्यावी. दोन्हीला दिल्लीची परवानगी लागत नाही.