सहीपुरती बहीण

गेल्या पावसाळ्यापासून महिन्यातला एक रविवार आम्ही काही साथी मावळात घालवतो. पुणे-लोणावळा लोकलने कधी कामशेतला उतरायचे, कधी थेट वलवण गाठायचे आणि तिथून एसटीने किंवा दुचाकीने नाणे मावळ, पवन मावळ, आंदर मावळातल्या गावांत जायचे. मी संगणक अभियंता. पहिल्या फेरीला मोबाइलवर तेवीस प्रश्नांचा अर्ज तयार करून नेला होता. शिक्षण, रेशन, आरोग्य, शिष्यवृत्ती, सगळे त्यात होते. दुसऱ्याच घरात एका वयस्क चाचींनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि विचारले, "बाळा, यात जमिनीचं काहीच नाही का?"

तो अर्ज त्याच दिवशी बंद केला. या फेऱ्यांत शिकलेली ही पहिली गोष्ट.

शहरातल्या वाचकाला वलवण म्हणजे एक्स्प्रेसवेवरून लोणावळ्यात शिरण्याचा फाटा. चिक्की, धुके आणि बंगले. पण मावळच्या माणसाला विचारले तर इथला इतिहास जमीन आणि पाणी यांचाच आहे. टाटांच्या जलविद्युत प्रकल्पासाठी शंभर वर्षांपूर्वी वलवणला धरण झाले. हे पाणी घाटाखाली खोपोलीला नेऊन केलेली वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळाली. पुढे पवना धरण झाले आणि त्यात जमिनी गेलेल्यांतील अनेकांचे पुनर्वसन दशकानुदशके रखडले. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवनेच्या बंद जलवाहिनीविरोधात शेतकरी बऊरजवळ एक्स्प्रेसवेवर उतरले, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला. ज्या वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ मध्ये 'इंद्रायणी' हे वाण दिले, त्याच तालुक्यात आज भाताच्या खाचरांवर प्लॉटच्या पाट्या लागल्या आहेत.

या सगळ्यात शेतकरी जमीन गमावतो, हे आपण नेहमी लिहितो. त्याच घरातली बहीण ती त्याआधीच गमावून बसलेली असते, हे मात्र लिहीत नाही.

चाचींचे माहेर मावळातलेच. घरात दखनी, बांधावर मराठी. लहानपणी लावणीला गुडघाभर चिखलात उभ्या राहिलेल्या. वडील गेले तेव्हा वारस म्हणून फक्त भावांची नावे कळवली गेली आणि सातबारावर तेवढीच लागली. बरीच वर्षे कुणी काही बोलले नाही. मग जमिनीला गिऱ्हाईक आले. घेणाऱ्याच्या वकिलाने बहिणींच्या सह्या मागितल्या. भाऊ गाडी घेऊन आला, सोबत साडी आणि मिठाई. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत चाचींनी हक्कसोडपत्रावर सही केली. कागद कुणी वाचून दाखवला नाही. "भाई खूप दिवसांनी आला होता. नाही कसं म्हणायचं?"

शेजारच्या घरातल्या मराठा मावशी हे ऐकत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्यात बी हेच. फक्त तो दिवाळीला आला होता."

या दोन वाक्यांवर आपण विचार करायला हवा. मावशींना महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क मिळाला. चाचींची कायदेशीर बाजू अधिक गुंतागुंतीची. १९३७ च्या शरियत अधिनियमाच्या कलम २ मध्ये शेतजमिनीचा अपवाद ठेवलेला आहे. मद्रास प्रांताने १९४९ मध्ये आणि केरळने १९६३ मध्ये कायदा बदलून तो अपवाद काढला. महाराष्ट्रातही तो स्पष्ट शब्दांत काढावा, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. शरियतप्रमाणे मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा असतो. तो समान असावा, अशी आमची भूमिका आहे. पण आम्ही बसलो त्या घरांत मुलीच्या हाती निम्माही आला नव्हता. आले होते शून्य. आणि कायदा वेगवेगळा असूनही दोन्ही घरांत ते सारखेच होते.

"वाटा मागितला तर माहेर तुटेल" हे उत्तर प्रत्येक गावात मिळते. ही भीती खोटी नाही. नवऱ्याने टाकले तर परत यायला तेवढेच एक दार असते. म्हणून कुणा बाईला भावाविरुद्ध कोर्टात जा असे सांगायला आम्ही गेलो नाही. हक्क सोडायचा असेल तर तिने सोडावा. पण त्याआधी तिचे नाव कागदावर असावे, कागद तिने वाचलेला असावा आणि आपण काय सोडतो आहोत त्याची किंमत तिला माहीत असावी. न वाचता दिलेल्या सहीला त्याग म्हणता येत नाही.

यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. वडील गेल्यावर तीन महिन्यांत तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्यावा आणि त्यात सगळ्या मुलींची नावे लिहावीत. फेरफाराची नोटीस निघते, तेव्हा हरकत घेता येते. सातबारा आता मोबाइलवर दिसतो. माहेरचा गट नंबर माहीत असलेली कोणतीही बहीण तो पाहू शकते. मुलीला समान द्यावेसे वाटणाऱ्या मुस्लिम बापाला मृत्युपत्राने एक तृतीयांशापलीकडे जाता येत नाही. पण हयातीत हिबा करता येतो.

पुढच्या फेऱ्यांत आम्ही एवढेच करणार आहोत. तेवीस प्रश्नांऐवजी एकच प्रश्न: तुमच्या माहेरच्या सातबारावर तुमचे नाव आहे का? त्याच रात्री तो प्रश्न मी माझ्या घरी फोन करून विचारला. आमच्याही गावच्या सातबारावर आत्याचे नाव नाही. वाचकांनीही मावळात येण्याआधी तो आपल्या घरी विचारून पाहावा.