‘का आलात?’ नको, ‘कसं येणं केलंत?’ म्हणा!

चाकणच्या कुठल्याही ऑटो कंपनीत जा. लाइनवर पार्ट रिजेक्ट झाला की आधी बाहेर येतो तो ‘व्हाय-व्हाय’चा कागद. पार्ट का रिजेक्ट झाला? भोक तिरकं पडलं म्हणून. तिरकं का पडलं? फिक्स्चर सैल होतं म्हणून. सैल का होतं?... असं पाच वेळा ‘का’ विचारलं की खरं कारण हाती लागतं, हा टोयोटाच्या ताइची ओनो यांचा मंत्र. जपानमध्ये जन्मलेला हा मंत्र आपल्या पट्ट्यात आता दिवाळीच्या बोनसइतकाच ओळखीचा झालाय!

पण कागदावर पाचदा ‘का’ लिहिणं वेगळं आणि जिवंत माणसाला एकदा ‘का?’ विचारणं वेगळं. त्यातून तो माणूस कोरियन असला तर?

प्रश्न हवेतला नाही, मंडळी. रांजणगावला एलजी आहे. चाकणला एक्सकेव्हेटर बनवणारी ह्युंदाई आहे (नाव तेच, पण मोटारींचा समूह वेगळा). तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घेण्याचा करार ह्युंदाई मोटरने ऑगस्ट २०२३ मध्ये केला आणि २०२५ मध्ये तिथून पुन्हा गाड्या बाहेर पडू लागल्या. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शाळेत शिकवता येतील अशा परदेशी भाषांच्या यादीत कोरियन घातली. थोडक्यात काय, शिफ्ट संपवून कोरियन शिकणाऱ्यांना आता के-ड्रामाच्या पलीकडचं कारण मिळालंय.

क्लासमध्ये पहिल्याच आठवड्यात एक शब्द मिळतो: ‘वे’. म्हणजे ‘का’. शब्द सोपा, म्हणून सगळे तोच वापरत सुटतात. आणि तिथेच गडबड होते!

समजा, कोरियन पाहुणा रिसेप्शनवर आलाय. तुम्ही विचारलंत, ‘वे ओश्यॉस्सॉयो?’ म्हणजे ‘का आलात?’ व्याकरण शंभर टक्के बरोबर, आदरार्थी रूपही आहे. पण पाहुण्याला ऐकू येतं, ‘कशाला तडमडलात?’ कोरियन माणूस इथे विचारतो, ‘ऑत्तॉखे ओश्यॉस्सॉयो?’ शब्दशः ‘कसे आलात?’ नवशिका यावर हमखास उत्तर देतो, ‘बसने!’ प्रश्न गाडीचा नसतोच, कामाचा असतो. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे कोडं वाटतं. पण आपल्याला? दारात आलेल्या पाहुण्याला आपली आजी काय विचारते? ‘कसं येणं केलंत?’ झालं की! कोरियन व्याकरण आपल्या ओसरीवरच बसलेलं आहे.

खरं तर मराठी माणसाला इथे मोठा फायदा आहे. कोरियन वाक्यात क्रियापद शेवटी येतं, आपल्यासारखंच. कारणही आधी येतं आणि ‘म्हणून’सारखा प्रत्यय त्याच्या मागे चिकटतो. तेव्हा मनातल्या मनात इंग्रजीतून भाषांतर करणं आधी बंद करा. मराठीतून करा.

आता उत्तरांकडे वळू. कोरियनमध्ये ‘म्हणून’ एकच नाही, आणि प्रत्येकाचा स्वभाव निराळा.

पहिला, ‘आसॉ’ किंवा ‘ऑसॉ’. हा साधा, शांत ‘म्हणून’. अमुक झालं आणि त्यातून तमुक झालं, बस्स. माफी मागताना, आभार मानताना हाच. उशीर झाला तर ‘नुजॉसॉ च्वेसोंगहामनिदा’, म्हणजे ‘उशीर झाला, माफ करा’. याला भूतकाळाचा प्रत्यय लागत नाही आणि याच्यामागे हुकूम किंवा ‘चला, करू या’ येत नाही.

दुसरा, ‘निक्का’. हा छाती पुढे काढून उभा राहतो. बोलणारा स्वतःचं कारण ठासून मांडतो. हुकूम द्यायचा तर हाच लागतो: ‘विहॉमहानिक्का मान्जीजी मासेयो’, म्हणजे ‘धोका आहे, तेव्हा हात लावू नका’. प्रेस मशीनपाशी हे वाक्य पाठच हवं! पण साहेबांना उशिराचं कारण सांगताना ‘निक्का’ आलं, तर सूर लागतो, ‘चाकण चौकात ट्रॅफिक होतं ना, मग उशीर होणारच!’ कारण खरं, आणि तरीही बोलणं उद्धट.

तिसरा, ‘नुरागो’. हा आपला ‘-च्या नादात’. टीव्ही बघण्याच्या नादात फोन घेतला नाही, असं काहीसं. एक काम करता करता दुसरं राहून गेलं आणि दोन्हींचा कर्ता एकच, तेव्हा हा वापरायचा. मशीन बंद पडलं आणि माझी डिलिव्हरी चुकली, इथे तो चालत नाही. मशीन काही माझ्या नादात नव्हतं!

शिवाय नामाला जोडायची एक जोडी आहे. ‘त्तेमुने’ म्हणजे ‘-मुळे’ आणि ‘तॉक्पुने’ म्हणजे ‘-च्या कृपेने’. ‘तुमच्यामुळे ऑर्डर मिळाली’ हे कौतुक ‘त्तेमुने’ लावून केलंत, तर साहेबांना वाटेल, आपल्यावर काही तरी ढकललं जातंय. चांगल्या गोष्टीला ‘तॉक्पुने’च.

एवढं कशाला लक्षात ठेवायचं, असं वाटतंय? थांबा, हाच तर मुद्दा! ‘कशाला’ आणि ‘का’ यांतला फरक तुम्हाला कुणी शिकवला नव्हता. ‘कशाला केलंस?’ या प्रश्नात ‘करायला नको होतंस’ हे आधीच ठरलेलं असतं. ते ऐकलं की माणूस कारण सांगत नाही, बचाव करतो. शॉप फ्लोअरवर हे महागात पडतं. सैल फिक्स्चरची गोष्ट ज्या ऑपरेटरला माहीत आहे, तोच गप्प बसला तर व्हाय-व्हायच्या कागदावर पाच सुंदर, खोटी कारणं उमटतात आणि दुसऱ्या दिवशी भोक पुन्हा तिरकं!

म्हणून कारण विचारण्याचे दोन सभ्य मार्ग पाठ करून ठेवा. एक, ‘होक्शी, मुसुन निल इस्सुश्यॉस्सॉयो?’ म्हणजे ‘काही झालं होतं का हो?’ यात ‘का’ हा प्रश्नच नाही, तरी कारण आपसूक बाहेर येतं. दुसरा, ‘वे कुरॉखे हाश्यॉन्नुन्जी यॉज्ज्वॉब्वादो त्वेल्क्कायो?’ म्हणजे ‘असं का केलंत, ते विचारून बघितलं तर चालेल का?’ ‘विचारून बघणं’ हा आपला लाडका प्रयोग कोरियनमध्ये जसाच्या तसा आहे. इथे ‘वे’ आहे, पण वाक्याच्या पोटात, परवानगीच्या पांघरुणाखाली.

आणि हो, वरिष्ठांनी हाक मारली की ‘वेयो?’ म्हणू नका. आईने हाक मारल्यावर आपण ‘काय आहे?’ म्हणतो, त्याची ती कोरियन बहीण. ‘ने’ म्हणा, म्हणजे ‘हो’.

कोरियनच्या टोपिक परीक्षेला सहा पातळ्या आहेत. सहावीपर्यंत पोहोचायला वर्षं लागतील. पण समोरच्याला आरोपी न करता त्याचं कारण विचारणं उद्यापासून जमेल. पहिली प्रॅक्टिस मराठीतच करा... उद्याच्या शिफ्टला, त्या ऑपरेटरबरोबर!