हंगामाचें बिऱ्हाड

आमच्या एका सुशिक्षित स्नेह्यांचें पत्र गेल्या महिन्यांत आम्हांस आलें. त्यांचे चिरंजीव कॅनडांत असतात. बर्फावरून पायांस पट्ट्या बांधून घसरण्याचा जो स्कीईंग नांवाचा खेळ आहे, त्याचा सबंध हंगाम एका जुन्या व्हॅनमध्यें राहून काढण्याचा चिरंजीवांनीं निश्चय केला आहे. गाडींत फळ्यांचा पलंग, एक लहानशी शेगडी, पाण्याचीं दोन पिंपें. भाडें नाहीं, घरमालक नाहीं. रोजच्या खर्चाची वही मात्र बारकाईनें ठेवलेली. पित्याचा ऊर अभिमानानें भरून यावा हें स्वाभाविकच आहे, व तेवढ्यावर पत्र संपलें असतें तर अभिनंदनाचे दोन शब्द लिहून आम्ही मोकळे झालों असतों. परंतु शेवटीं त्यांनीं आम्हांस एक टोला हाणला आहे. ते लिहितात, "आपण सोनईस राहतां व ऊंसतोडणीवाल्यांच्या कोप्यांविषयीं नेहमीं हळहळतां. माझा मुलगा पदवीधर असून सहा फुटी गाडींत आनंदानें राहतो. मग तेवढ्याच जागेंत तुमच्या मजुरांनीं पांच महिने काढले तर बिघडलें काय? सुखदुःख जागेच्या लांबीरुंदीवर नसून मनाच्या ठेवणीवर असतें."

हा विचार एकट्या आमच्या स्नेह्यांचा असता तर त्यास खासगी उत्तर पुरलें असतें. पण तो आज पुष्कळांच्या तोंडीं आहे. बागाइतदारांच्या, पुढाऱ्यांच्या, आणि ज्यांच्या चहांत ही साखर पडते त्या शहरवासीयांच्याहि. म्हणून त्याचा समाचार येथें उघडपणें घेणें आम्हांस प्राप्त झालें आहे.

प्रथम त्या तरुणाविषयीं. त्याची थट्टा करण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. ज्या डोंगरी गांवीं हिवाळ्यांत धनिक लोक खेळावयास येतात, तेथें खोलीचें भाडें नोकरमाणसाच्या आवाक्याबाहेर जातें. आणि भांडीं घासणारा, बर्फ उपसणारा, खेळाडूंस डोंगरावर नेणारे पाळणे चालविणारा, अशा माणसांवांचून तर त्या गांवाचें चालत नाहीं. तेव्हां कित्येक तरुण दिवसा हीं कामें करितात, मजुरीबरोबर हंगामभर खेळण्याचा परवाना मिळवितात, आणि रात्रीं गाडींत निजतात. थंडीनें माणसाचा श्वास पत्र्यावर आंतून गोठतो, ओले कपडे वाळत नाहींत. हें सोसावयास अंगीं धमक लागते. इतकें मान्य करून आम्ही पुढें जातों.

सोनई हें नेवासें तालुक्यांतील गांव. मुळा धरणाच्या कालव्याबरोबर या भागांत ऊंस फोफावला, आणि ऊंसामागून सहकारी साखर कारखाना आला. दिवाळीच्या सुमारास बॉयलरचें अग्निप्रदीपन होतें, गव्हाणींत पहिली मोळी पडते, आणि बीड जिल्ह्यांतून व आमच्याच जिल्ह्यांतल्या पाथर्डी-शेवगांवाकडून तोडणीचीं कुटुंबें या पट्ट्यांत उतरूं लागतात. १९७२ च्या दुष्काळानंतर हा ओघ वाढला, तो अद्याप आटलेला नाहीं. शिर्डीहून राहुरीमार्गें शनिशिंगणापुरास जाणाऱ्या यात्रेकरूंच्या मोटारी त्या दिवसांत आमच्या रस्त्यावर ऊंसाच्या गाड्यांमागें खोळंबतात व भोंगे वाजवितात. भोंगे वाजविणारांस हें ठाऊक नसतें कीं, पुढें चाललेली ती टायरची बैलगाडी नुसती गाडी नव्हे. तिच्यावरच भांडीं, पेटी, बाजरीचें पोतें आणि लेंकरें लादून एक कुटुंब गांवाहून निघालेलें असतें. कोपी उभी राहीपर्यंत तिच्याच आडोशाला चूल पेटते, आणि तिच्याच खालीं बांधलेल्या झोळींत तान्हें मूल निजतें. स्नेह्यांना चाकांवरचें घर पाहावयाचें असल्यास त्यासाठीं कॅनडापर्यंत जावयास नको.

कोपी म्हणजे बांबूच्या कमानी, त्यांवर चटई किंवा पाचट, अलीकडे प्लॅस्टिकचा कागद. आंत शिरावयाचें तें वांकून. दाराच्या जागीं एखादें जुनें लुगडें. पहाटे तीन-चार वाजतां उठून भाकरी, मग फड, मग मोळ्या बांधणें, त्या डोक्यावरून वाहणें, गाडी भरणें. नवराबायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. दोन जिवंत माणसांस मिळून एका हत्याराचें नांव! २०२४ च्या जानेवारींत तोडणीचा दर ३४ टक्क्यांनीं वाढून टनास साडेतीनशें रुपयांवर गेला. एक कोयता दिवसाकाठीं दीड-दोन टन ऊंस तोडतो. म्हणजे दोघांच्या बारा-चौदा तासांच्या श्रमाचे पांचशें ते सातशें रुपये झाले. हे रुपयेहि हातांत पडत नाहींत. हंगामापूर्वींच मुकादमाकडून पन्नास हजारांपासून लाखाच्या वर उचल घेतलेली असते, आणि ती लग्नांत, दवाखान्यांत, जुन्या देण्यांत संपलेली असते. हंगामभर हातीं येते ती आठवडी बाजारापुरती खर्ची, आणि जनावरांच्या चाऱ्यासाठीं वाढे विकून सुटलेले चार पैसे. तोडलेल्या ऊंसांत उचल फिटली नाहीं, तर बाकी पुढल्या वर्षाच्या डोक्यावर बसते.

असल्याच एका तळावर गेल्या मोसमांत आम्हीं एका बाईंस विचारलें, "सारा हंगाम काढावयास खर्च किती येतो?" भाकरी थापतां थापतांच त्या म्हणाल्या, "आमाला काय ठावं, दादा? हिशेब मुकादमाच्या वहीत हाय."

स्नेह्यांनीं चिरंजीवांच्या ज्या खर्चाच्या वहीचें कौतुक केलें, ती वही येथें आठवावी. काटकसर हा सद्गुण खरा. पण ज्याची वही त्याच्या स्वतःच्या हातांत आहे त्यालाच तो आचरतां येतो. चिरंजीव खोलीचें भाडें वांचवितात, तें त्यांच्या खिशांत राहतें. ऊंसतोड्याच्या खोलीचें भाडें कोणाच्या खिशांत राहतें? जागा, पाणी, शौचकूप, दिवा यांवर जो खर्च व्हावयास हवा होता व कोणीच केला नाहीं, तेवढ्यानें साखर स्वस्त पडली, इतकाच त्याचा अर्थ आहे. चिरंजीवांस ताप भरला तर ते गाडी फिरवून उबदार घरीं जातील. इकडे ज्या दिवशीं कोयता फडांत गेला नाहीं, त्या दिवसाचा खाडा कापला जातो. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं २०१९ सालीं नेमलेल्या समितीच्या पाहणींत बीड जिल्ह्यांतील ८२,३०९ ऊंसतोड स्त्रियांपैकीं १३,८६१ जणींचीं गर्भाशयें काढलेलीं आढळलीं. ही देखील मनाची ठेवण समजावयाची काय?

कोणी म्हणेल, त्यांना बांधून कोणी आणिलें? ते आपखुशीनें येतात. आपखुशी कोणती, हें उचलीच्या आंकड्यावरून वाचकांनींच ठरवावें. आम्ही येथें कायद्याची एक गंमत सांगतों. १९५१ च्या कायद्यानें चहाकॉफीच्या मळेवाल्यांवर मजुरांस घरें देण्याची जबाबदारी टाकली गेली; ऊंस त्या यादींत नव्हता. १९७९ च्या कायद्यानें स्थलांतरित मजुरांच्या योग्य निवासाचा भार ठेकेदारावर घातला होता, पण तो राज्याची सीमा ओलांडणारांपुरता. म्हणजे बीडचा कोयता कर्नाटकांतल्या कारखान्यावर गेला तर त्या कायद्यानें त्यास निवाऱ्याचा हक्क होता, आणि सोनईच्या फडांत आला तर तो आपल्याच राज्यांतला म्हणून नव्हता! स्वकीयपणाची इतकी मोठी शिक्षा आम्हीं दुसरीकडे पाहिली नाहीं.

दुसरा आक्षेप असा कीं, पांच महिन्यांच्या वस्तीसाठीं पक्कीं घरें कोण बांधील? कारखान्याचीं यंत्रें वर्षांतून सात महिने स्वस्थ बसतात, आणि त्यांच्यावर पक्कें छप्पर असतें. साखरेचें पोतें गोदामांत येतें व जातें. त्यास पावसाचा थेंब लागूं दिला जात नाहीं. अवकाळी पाऊस मात्र कोपीवर पडतो. स्नेह्यांस गाडीवाल्यांचाच दाखला हवा असेल तर आम्ही तोहि देतों, आणि तो साखरेचाच आहे. 'नोमॅडलँड' हा चित्रपट त्यांनीं पाहिला असेल. २०२१ सालीं त्यास ऑस्कर मिळालें. त्यांत व्हॅनमध्यें राहणारी वयस्क बाई बीटाच्या हंगामांत मजुरीस जाते. अमेरिकेच्या उत्तर भागांत, बीटापासून साखर काढणाऱ्या प्रदेशांत, असे गाडीवाले खरोखरीच बोलाविले जातात, आणि त्यांच्या गाड्यांसाठीं वीज व पाणी यांसह तळाची जागा मालकाच्या खर्चानें दिली जाते. तो हंगाम तर कांहीं आठवड्यांचाच! कोलोरॅडोंतील ॲस्पेन या बर्फाच्या खेळाच्या गांवींहि नोकरवर्गासाठीं परवडणारीं घरें पुरविण्याचें काम सार्वजनिक संस्थेकडे आहे. तेथले लोक आमच्याहून दयाळू आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. माणसें हवीं तर त्यांना निजावयास जागा हवी, एवढें व्यापारी गणित त्यांनीं मांडलें आहे.

आमच्याकडे कांहींच घडलें नाहीं असेंहि नाहीं. गोपीनाथ मुंडे यांच्या नांवानें महामंडळ निघालें, व त्यासाठीं कारखान्यांनीं टनामागें १० रुपये द्यावयाचें ठरलें. २०२१ सालीं मुलांसाठीं ८२ वसतिगृहांची योजना मंजूर झाली. चांगलें झालें. पण अंगावर पिणारें मूल वसतिगृहांत ठेवतां येत नाहीं, आणि त्याच्या आईस तर कोठेंच ठेवलेलें नाहीं. दहा लाख टन गाळणाऱ्या कारखान्याचे टनास दहा रुपयांप्रमाणें एक कोटि होतात. तेवढेच आणखी दहा रुपये तळावर खर्चिले तर नळ, न्हाणीघर, शौचकूप आणि पत्र्याचीं पण ताठ उभें राहतां येईल अशा खोल्यांची ओळ कांहीं हंगामांत उभी राहील. आम्ही कोणा एका कारखान्याकडे बोट दाखवीत नाहीं. ही गोष्ट साऱ्या साखरपट्ट्याची आहे. आमचें मागणें एवढेंच कीं, गाळपाचा परवाना देतांना यंत्रांची तपासणी होते तशी तळाची व्हावी, आणि तळावर पाणी आल्यावांचून बॉयलर पेटूं नये.

सोनईपासून दोन कोसांवर शिंगणापूर आहे. तेथील घरांना दारें नाहींत म्हणून देशभरचे लोक पाहावयास येतात. २०११ सालीं एका बँकेनें कुलुपावांचून शाखा उघडली, त्याचा केवढा बोलबाला झाला! कोपीलाहि दार नसतें. तिच्यापुढें मात्र कोणाची मोटार थांबत नाहीं.

स्नेह्यांच्या पत्राचें उत्तर म्हणून हा अंक त्यांजकडे धाडीत आहों. चिरंजीव परत आल्यावर त्यांस घेऊन त्यांनीं अवश्य आमच्याकडे यावें, पण पट्टा पडण्यापूर्वीं यावें. नाहीं तर तळ उठलेला असेल. गाडी आणल्यास ती उभी करावयास तेथें जागा मिळेल. पाणी बरोबर आणावें.